पारूबाईची पिशवी

शेवग्याचा पाला निवडताय म्हणून आठवलं. त्यातलं लोह झाडागणिक वेगळं असतं, आणि तेच मी कॉलेजात तपासते. मागे म्हसळ्याच्या काकीला दोन पिशव्या दिल्या. एकीत तुझ्या झाडाचा पाला भर, दुसरीत शेजारच्या पारूबाईच्या, असं बजावलं. तपासणीत दोन्ही पाले तंतोतंत सारखे निघाले. असं सहसा होत नाही, म्हणून काकीला फोन लावला.

"पारूचं झाड किडीनं खाल्लंय गो बाय," ती म्हणाली. "तिची पिशवी मीच आपल्या झाडाच्या पाल्यानं भरली."

"अगं, मग तिचं झाड तपासलंच नाही की."

"तिची पिशवी अर्धीच गेली असती, ते बरं दिसलं असतं?"

मी कपाळाला हात लावला. "आता कॉलेजात खरं सांगावं लागेल, काकी."

"कॉलेजात खुशाल सांग," ती म्हणाली. "पारूला सांगू नको."