माशाच्या तेलाचा दिवा

छे छे, गाडीवानाला बैल सोडू द्या, विहीणबाई, आज काही निघणं व्हायचं नाही — आणि दुर्गेला हाक मारू नका, ती आतच बरी, आधी तुमचं-माझं होऊ द्या. बोकड आणलात? नाही ना? मग ह्या डब्यात काय — डिंकाचे लाडू. वा. सरदारपुराहून इथं धारेपर्यंत आलात, लेकीला पहिल्या बाळंतपणाला न्यायला, सातवा सरत आला म्हणून धावत आलात, आठव्यात पोटुशीला गाडीत बसवत नाहीत एवढं बरं ठाऊक — आणि आमच्या ह्यांचा निरोप तेवढा ऐकू आला नाही? निरोप साफ होता. देवीच्या बोकडाचं काळीज सुनेनं उष्टं केलं, तेव्हा तिच्या माहेरचा दुसरा बोकड दारात आल्याशिवाय ती उंबऱ्याबाहेर जायची नाही. म्हणजे आता बाळंतपण इथंच. माझ्या पुढ्यात. रडा खुशाल, रडण्यानं बोकड येत नाही.

मी मनाचं सांगत नाही हो. दसऱ्याला आमच्या घरी बोकड पडतो, निखाऱ्यावर पहिल्यांदा काळीज भाजायचं, मीठ लावून ताटलीत ठेवायचं, ते घरच्या कर्त्या पुरुषाचं. मग बाकीचं मटण शिजणार, मग पुरुषांची पंगत, मग पोरं, आणि मागाहून आम्ही बाया, असेल त्या रश्श्यात भाकरी बुडवून. माझ्या सासूनं मला सांगितलं, मी तुमच्या लेकीला सांगितलं, ह्यात न समजण्यासारखं काय आहे? तर हे पागेतून येऊन हातपाय धुताहेत, आणि ही बया चुलीपाशी उकिडवी बसून खातेय. लपून असती तर लाज आहे म्हटलं असतं — उघड, दोन्ही हातांनी, ओठांना राख लागलेली. मी विचारलं, दुर्गे, काय हे? तर म्हणते, "सासूबाई, मला दिसायला हवंय." दिसायला हवंय म्हणे. चंद्र-सूर्य दिसत नव्हते जसे काही.

आता दिसायला काय झालं होतं, तर रातांधळेपण. दिवस राहिले तसं दिवेलागण झाली की हिला काही दिसेना. भिंती चाचपत फिरायची, तांब्या लाथाडायची, एकदा तर भाताच्या शेजारी ताटाबाहेर वरण वाढून ठेवलंन. सोंग. दुसरं काय? पोटुशी बाई संध्याकाळची जरा ठेचकाळणारच, सगळ्याच ठेचकाळतात, त्याचा कुणी डांगोरा पिटतं का? पण आमचा यशवंत — पोटचा आहे म्हणून सांगते, अगदीच बायकोचा — घोड्यांच्या कामाला महूच्या छावणीत गेला, तिथल्या दवाखान्यात कुणा मडमेपुढं बायकोची रड गायली, आणि बाटली घेऊन आला. माशाचं तेल. कुठल्या विलायती माशाच्या काळजाचं, रोज चमचाभर घ्यायचं, आईलाही बरं आणि पोटातल्यालाही बरं. माझ्या देखत तिच्या हातात दिली. ह्यांनी मला, विहीणबाई, आख्ख्या संसारात कधी मूठभर बोरं आणून दिली नाहीत, आणि मी मागितली नाहीत. मी ती बाटली काढून घेतली. ह्या ओसरीवरच्या दिव्यात घालते ते तेल, गोडं तेल वाचतं. जळतं झकास, फक्त वास मेला सडक्या डबक्यासारखा.

तर बाटली गेल्यावर हिनं डोकं चालवलं — विलायती माशाचं काळीज नाही तर आपल्या बोकडाचं. अक्कल बघा. एरवी पोळी फुगवता येत नाही.

काय? गुण आला का? ते कशाला विचारायचं तुम्हाला — आला. दिवाळीच्या आत आला. आता तिन्हीसांजेला सुईत दोरा ओवते, विहिरीवरनं घागर घेऊन येते, एवढासा पाय अडखळत नाही. पण म्हणून काय झालं? आम्ही पोटुशा नव्हतो? माझं पहिलं होतं तेव्हा अशीच दिवेलागणीला त्या समोरच्या पायऱ्या उतरत होते, डोक्यावर हंडा, आणि पायरी दिसली नाही. होती तिथंच होती हो, मला दिसली नाही. मुलगा होता. सासूबाई आधी हंडा उचलून बघायला धावल्या, चेपलाय का. दुसरी मुलगी, ती बारशापर्यंतही टिकली नाही, माझ्या अंगावर दूधच नव्हतं. मग यशवंताच्या वेळी मी देवीपुढं सोडलंच सगळं — दूध सोडलं, तूप सोडलं, हिरवी भाजी सोडली, मटण तर वाट्याला होतंच कुठं. तेव्हा कुठं पोर जगलं. अजून पाळते. मी सोडून सोडून जगवलं एक, आणि ही टवळी खाऊन जगवायला निघाली. राग येणार नाही तर काय होईल?

आणि दर दसऱ्याला ती ताटली ह्यांच्यापुढं कोण ठेवतं? मी. चुलीपासून पाटापर्यंत मीच नेते. भाजल्या काळजाचा तो वास, पोटात सात महिन्यांचं, तोंडाला पाणी सुटलेलं — हात नाही लावला कधी. मनाचा मोठेपणा नव्हे हो तो. लावता येतो हेच सुचलं नाही. आणि ह्या कालच्या पोरीनं लावला, आणि झालं काय? आभाळ कोसळलं? देवी कोपली? काही नाही. ह्यांनी एक बोकड मागितला. एवढ्यावर भागतं हे मला कुणी तेव्हा—

असो. बोलता बोलता अंधार किती झाला, तुमचं तोंडसुद्धा दिसेना. दुर्गे, अगं दिवा कधी लावणार? पाहुणी माणसं काळोखात बसवतात का? दुर्गे!

काय म्हणालात? लावलाय?

कुठं लावलाय — माझ्या पाठीमागं? कोनाड्यात? कधी लावून गेली? मघाशीच?

हो. वास येतोय. मघापासून येतोय.

असं बघू नका माझ्याकडं — बघत असाल, मला काय कळतंय. रोजचंच आहे हे, आणि हे कुणाला सांगत सुटायचं नाही, ह्यांना तर नाहीच. उद्या उजाडताच गाडी जोडा आणि न्या तिला. बोकडाचं मी बघेन, कुठनं आणायचा आणि काय सांगायचं ते. कोनाड्याच्या खाली बाटली आहे, अर्धी असेल, तीही घेऊन जा, घरात नुसती घाण झाली आहे. लाडू परत न्या. त्यात तूप आहे, मला चालत नाही.

उठते मी, वाती करायच्यात.

हात सोडा माझा, विहीणबाई. पायऱ्या मला पाठ आहेत.