सुनेला मुसकं

(आर्मूरजवळचं खेडं, भरदुपार. सैलू जमिनीवर पालथा पडलाय. मुसळ घेतलेली त्याची बायको लच्चव्वा. दाराला पाठ लावून त्याची आई गंगव्वा.)

गंगव्वा: एवढा धडधाकट गडी, एका घावात आडवा केलास गं.

लच्चव्वा: मेला नाही तो, श्वास चाललाय. दार सोडा, आत्याबाई.

गंगव्वा: सोडते तर! तुझे दीर येऊ देत शेतातून.

लच्चव्वा: ते आले तर मला जिवंत ठेवायचे नाहीत. म्हणून तर आत्ताच जायचंय.

गंगव्वा: नवऱ्यावर हात टाकायच्या आधी कळायला हवं होतं.

लच्चव्वा: मळणीच्या बैलाचं मुसकं बांधलं त्यानं माझ्या तोंडाला. छातीवर गुडघा देऊन. ओठ बघा कसा फाटलाय. आणि पाय कुणी धरले होते माझे? तुम्हीच ना?

गंगव्वा: मग काय करावं? पोतं आणलं की तू कच्चेच तांदूळ चघळत बसतेस. विड्या वळतानासुद्धा तोंड चालूच. अंग बघ स्वतःचं, रांजण झालाय नुसता.

लच्चव्वा: नर्सबाई तुमच्यासमोर बोलली. अंग सुटलंय, पण रक्तात लोह नाही, म्हणून तांदळाची ही ओढ. गोळ्या घेतल्या की सुटेल म्हणाली. कुठायत माझ्या गोळ्या?

गंगव्वा: चुलीत टाकल्या.

लच्चव्वा: कुणी?

गंगव्वा: मीच. वाटलं, त्या गोळ्यांनी आणखी फुगशील.

लच्चव्वा: पाण्याची घागर उचलली की डोळ्यांपुढं अंधारी येते मला. तुम्ही म्हणायचा, सुस्ती चढलीय. व्हा बाजूला, नाहीतर तुमच्यावरही हात टाकीन. खरंच टाकीन.

गंगव्वा: टाक. मला काय नवं आहे? तुझ्या वयात मी भिंतीची माती खायचे. तुझ्या सासऱ्यानं त्याच भिंतीवर माझं तोंड आपटलं. खा म्हणाला, पोटभर खा. पुढचे दात तेव्हाच गेले.

लच्चव्वा: तुम्ही तर सांगितलंत, विहिरीवर घसरलात.

गंगव्वा: सुनेला आणखी काय सांगणार?

लच्चव्वा: एवढं सोसूनही माझ्यावर हीच वेळ आणलीत.

गंगव्वा: आणली. लाज वाटते आता.

सैलू: आई... धर तिला. जाऊ देऊ नकोस.

गंगव्वा: लच्चव्वा, कडी काढलीय. तोंडाला पदर लाव. ओढ्याकडनं जा, बस मिळेल. आधी दवाखाना गाठ, मग माहेर.

सैलू: आई, माझं डोकं फोडलंय तिनं.

गंगव्वा: दिसतंय मला. पडून राहा. तुझ्या बापाला असं कुणी पाडलं असतं, तर बरं झालं असतं.