थोरल्या दिरांची श्रद्धांजली

तुम्ही कॉम्प्युटरला घाबरता, याचंच मला हसू येतं. आमचे थोरले दीर गेले, तेव्हा दशक्रियेला वाचायची श्रद्धांजली त्यांच्या नितीनने मला तपासायला मेल केली. लिहिलं होतं, ‘बाबा अत्यंत शांत स्वभावाचे होते.’ भाजीत मीठ कमी पडलं की ताट फेकायचा हा माणूस, आणि मग स्वतःच फडकं घेऊन फरशी पुसायचा. मी मेलमधूनच फाईल उघडली, हे सगळं त्यात लिहिलं आणि सेव्ह करून बंद केली. सकाळी मेलमधली फाईल उघडते, तर दीर पुन्हा शांत.

नितीनला फोन लावला.

“काकू, मेलमधूनच उघडून लिहिलं की ते कुठल्यातरी तात्पुरत्या फोल्डरात जाऊन पडतं. राहू द्या, माझंच वाचतो.”

“तुझा बाप शांत होता असं गोदाकाठी वाचलंस, तर पिंडाला कावळा शिवायचा नाही.”

मग मी वर्ड उघडून अलीकडच्या फायलींची यादी काढली. एकाच नावाच्या दोन फायली दिसल्या आणि दुसरीत माझे दीर सापडले. आधी डेस्कटॉपवर सेव्ह केली, मग त्याला पाठवली.

त्याने निमूट तीच वाचली. इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या थोरल्या जाऊबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मला म्हणाल्या, “आता वाटलं गं, आमचेच गेले.”