टेकवलेली कावड

मंडळी, ऐका! टाळ जरा बाजूला ठेवा. मला एक सांगा – दुखलं की बसणारा भित्रा, आणि दुखलं तरी चालणारा शूर, असंच ना? बरं, मग ऐका.

धुळाजी आणि बिरा, सख्खे भाऊ. डोंगरावरच्या देवाला दरसाल पाण्याच्या दोन कावडी न्यायचा मान त्यांच्या घराचा. रीत एकच – देवळापर्यंत कावड जमिनीला टेकवायची नाही. टेकली, की त्या माणसाचा मान गेला!

त्या साली चढावर धुळाजीच्या छातीत कळ आली. दरदरून घाम! कावड टेकवून दगडावर बसला. कळ गेली, उठला. थोडं चढला – पुन्हा कळ, पुन्हा बसला. लोक गप्प राहतात होय? "धुळाजीराव, सतरंजी आणू का?" लाजेनं त्याची मान वर होईना.

वर बिरा थबकला. "दादा, माझ्याबी छातीत धरल्यागत हुतंय."

आता थोरल्यानं काय म्हणावं? धुळाजी म्हणाला, "माझी टेकली. तुझी टेकवू नगं. घराची अब्रू हाय."

बिरानं ऐकलं. भावाचं ऐकणारा भाऊ होता हो तो! देवळाच्या पायरीशी पोचला आणि कावडीसकट कोसळला. पुन्हा उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सरणाला अग्नी दिला, आणि धुळाजीला कळ आली. ही जाईना! जीपमध्ये घालून तालुक्याला नेला. वाचला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली होती. अशात ठोके सैरभैर होतात, माणूस जागीच जातो. तुमच्या भावाचं तसंच झालं असावं. तुमच्या हृदयाला काल चढावर थोडा वेळ रक्त कमी पडलं, बसलात की परत आलं. पुन्हा कमी पडलं, पुन्हा आलं. अशानं हृदय काही काळ सावध होतं, ठोके सहजी बिघडू देत नाही. पण त्या भरवशावर राहू नका. कळ आली की लगेच इथं यायचं."

घरी आला. बिराची बायको हौसा ओसरीवर बसलेली. "भावजी, ह्ये बसलं असतं तर वाचलं असतं का?"

'काय म्हाईत' म्हणून सुटता आलं असतं, मंडळी. खात्री कुणी दिली होती? पण तो म्हणाला, "मी बसू दिलं न्हाई."

हौसा उठून आत गेली. पुढं जन्मभर त्याला ताट वाढलं तिनं, पण बोलली नाही.

आता माझ्याकडं नका बघू, आपापल्या घराकडं बघा! तिथं कुणीतरी आत्ता छातीवर हात ठेवून उभं असेल, आणि खालून आवाज आपलाच असेल – टेकवू नको! घरी जाल तेव्हा आधी त्याला बसवा. नामस्मरण मग करा. देव थांबेल.