गाडी कुठे लावायची

(बदलापूर, हेंद्रेपाडा. सन २००७. उद्या दुपारी मस्कतचं विमान. बाहेरच्या खोलीत दोन बॅगा उघड्या पडल्यात.)

यशोधरा: ...आणि बाबा, मी विमानतळावर फोन लावून विचारलंय. महिनाभर गाडी ठेवता येते. फक्त जबाबदारी त्यांची नाही म्हणाले.

शंकर: मग कोणाची? गाडी ठेवून घेणार ते आणि जबाबदारी कबुतरांची?

विठा: झालं. कबुतरं आली.

शंकर: येणारच. महिनाभर उन्हात उभी राहिली की बॅटरी डाऊन, टायर बसलेले, टपावर कबुतरांची घाण. परत आल्यावर धक्का कोण मारणार? विमानातली बाई?

यशोधरा: बरं, ते राहू दे. मरोळला बाळाजीकाका आहेत ना? तुमच्याबरोबरच ड्रायव्हर होते कंपनीत. ते म्हणाले, आमच्या चाळीसमोर लावा, तिथून रिक्षाने जा.

शंकर: तिथे उतार आहे. हिचा हँडब्रेक मला ठाऊक आहे आणि बाळाजीची नातवंडंही ठाऊक आहेत. बॉनेटवर घसरगुंडी करतील.

विठा: मंग शहाडला माझ्या भावाकडं? त्याच्या दारात उतार न्हाय.

शंकर: शहाडला गाडी ठेवून सहारच्या विमानतळावर काय उडत जाऊ?

विठा: उडायचंच तर हाय उद्या!

शंकर: हसू नका. मी सांगतो तसं करा. मी गाडी काढतो, विठा, तुला गेटवर सोडतो, सामान ट्रॉलीवर चढवतो आणि गाडी घेऊन घरी येतो. पार्किंगची भानगडच नाही.

यशोधरा: आणि तुमचं तिकीट?

शंकर: राहू दे.

यशोधरा: राहू दे म्हणजे? तुमच्या नावाचं तिकीट आहे, बाबा. व्हिसा आहे. तिकडे विक्रांतदादाने सुट्टी टाकलीय. वहिनीने तुमच्यासाठी खाट आणलीय नवीन.

शंकर: खाटेवर कोणीपण झोपेल.

विठा: हे बगा, मी आदीच सांगते. मी एकली न्हाय जायची.

शंकर: का नाही? आमच्या साहेबांच्या आई गेल्या होत्या लंडनला एकट्या. काठी टेकत. मीच सोडलं होतं.

विठा: त्यांना इंग्लिश पाटी वाचता येत व्हती. मला सांगा, तितं लिवलेलं मी काय वाचू? पोलिसानं विचारलं तर काय सांगू, मी शंकर ड्रायव्हरची बायको, जरा बाजूला व्हा?

शंकर: तुला कोणी अडवणार नाही.

विठा: तुमी न्हाय तर मी बी न्हाय. नातीचं तोंड फोटूत बघंन. आतापावतर तेच केलंय.

यशोधरा: ऐकलंत? आता दोन तिकिटं वाया. कशापायी? एका अ‍ॅम्बेसेडरपायी. कंपनी बंद पडली तेव्हा भंगारात चालली होती, तुम्ही उचलून आणलीत...

शंकर: भंगार म्हणायचं नाही हं, यशू.

यशोधरा: मग कबूल करा ना. अडचण गाडीची नाहीचे. तीन जागा सांगितल्या, तिन्हीला नाट लावलंत. आता मी चौथी सांगितली, तर तिथे तुम्हाला साप दिसेल.

शंकर: चौथी कुठली?

यशोधरा: गाडी इथेच राहील. हेंद्रेपाड्यात. तुम्ही दोघं भाड्याच्या गाडीने जा.

शंकर: भाड्याच्या? मी? तीस वर्षं स्टिअरिंग धरलं, एक ओरखडा नाही. आणि मी कुठल्यातरी पोराच्या मागे बसून जाऊ, जो काटई नाक्याला तंबाखू मळत एका हाताने गाडी चालवणार?

विठा: हाय ना साप. मी म्हनलंच मनात.

शंकर: आणि हे तुझ्या डोक्यातलं नाहीये. मला माहीत आहे कोणाच्या डोक्यातलं आहे ते.

यशोधरा: कोणाच्या?

शंकर: परवा फोनवर बोलत होतीस, मी गॅलरीत होतो. मोठ्याने बोलतेस तू. ‘हो दादा, बाबांना गाडी चालवू देणार नाही. प्रॉमिस.’ हेच शब्द होते ना?

यशोधरा: ...हो.

शंकर: वा! मस्कतला बसून हुकूम सोडतो. बाबांना गाडी चालवू देऊ नका. का? माझे डोळे गेलेत? हात कापतात? आता त्याच्याकडे एसीवाली गाडी आहे, म्हणून बापाची लाज वाटते?

यशोधरा: असं नाहीये ते.

शंकर: मग कसं आहे?

यशोधरा: राहू दे ना, बाबा.

शंकर: नाही, सांग. मला फोनवर तर काही सांगत नाही तो. दर रविवारी फोन येतो, आईशी तासभर गप्पा. मग माझ्याकडे फोन. ‘बाबा, बरे आहात?’ बरा आहे. संपलं.

विठा: तर तुमी काय इचारता त्याला? दर रविवारी एकच. तिकडं ऊन हाय का? मस्कतात ऊन नसंल तर काय धुकं असंल?

शंकर: मग काय विचारायचं?

विठा: ते मी सांगू? बाप तुमी.

यशोधरा: बाबा, तो तुमच्या चालवण्याबद्दल बोललाच नव्हता. तो म्हणाला, बाबा गाडी घेऊन आले की गाडीजवळच राहतात. म्हणाला, ते चालवत आले तर आईला गेटवर सोडतील आणि गाडीत जाऊन बसतील. मी मस्कतला निघालो त्या वेळेसारखे. मग मी इथे मस्कतच्या विमानतळावर कोणाची वाट बघू?

शंकर: मागल्या वेळी पोलीस शिट्ट्या मारत होता. गाडी पुढे घ्या, पुढे घ्या. मी काय करणार होतो? गेटवर थोडीच लावता येते?

विठा: लावायला गेलात ते बरोबर केलंत. पर परत का न्हाय आलात?

शंकर: किती वेळा तेच? तीन वर्षं झाली.

विठा: तीन वर्सांत मी एकदा तरी इचारलं का? आज इचारते. का न्हाय आलात?

शंकर: मला वाटलं... अगं, मला काही वाटलंच नाही. हीच तर गंमत आहे. गाडी लावली, काच खाली केली, बसलो. साहेबांना सोडायचो तेव्हा तसंच असायचं. साहेब, मेमसाब, पोरं, सगळी गेटवर. हारतुरे, पाया पडणं. ड्रायव्हरने तिथे घोटाळायचं नाही. गाडी सोडून जायचं नाही. मंडळी परत येतात, त्यांना घरी न्यायचं. तीस वर्षं हेच केलं. त्या दिवशी पण बसलो. तुम्ही दोघी परत याल म्हणून.

यशोधरा: आम्ही तासभर उभ्या होतो तिथे. दादा ट्रॉली धरून. लोक ढकलून पुढे जात होते. मी म्हटलं जा तू आत, तर म्हणाला, बाबा गाडी लावून येतायत, पाया पडतो आणि जातो.

शंकर: मग मला बोलवायला का नाही आलीस?

यशोधरा: कुठे येऊ? शेकडो गाड्या. तेव्हा तुमच्याकडे मोबाईल नव्हता. आणि आम्हाला वाटत होतं, आता येतील, आता येतील.

विठा: आन पोरानं बोलवावं लागतं व्हय बापाला?

शंकर: मी काच पुसत होतो.

विठा: काय?

शंकर: धूळ बसली होती. शीळफाट्याला खोदकाम चालू होतं तेव्हा. मी उतरलो, फडकं घेतलं, पुढची काच पुसली. मग मागची. मग दिवे. माझं पोरगं परदेशी चाललं होतं आणि मी दिवे पुसत होतो. मग तुम्ही दोघी येताना दिसलात. रडत. तेव्हा कळलं की झालं, गेला. मी काय केलं माहितेय? मागचं दार उघडलं.

विठा: उघडलंत. आन मी बसले. मुकाट.

शंकर: तू तेव्हाच मला शिव्या द्यायला हव्या होत्या.

विठा: शिव्या न्हाय आल्या. पोरगं आत जाताना जे बोललं, तेच डोक्यात घुमत व्हतं.

शंकर: काय बोलला?

यशोधरा: आई, नको.

विठा: आता बोलू दे, यशू. म्हनला, ‘आई, बाबांनी मला पन साहेबासारखंच सोडलं.’

यशोधरा: ...बाबा? पाणी देऊ?

शंकर: नको. बरोबर बोलला तो.

यशोधरा: रागात बोलला होता.

शंकर: नाही. बरोबर बोलला. म्हणूनच सांगतो, मी नाही येत. तिथे उतरलो, तो समोर उभा राहिला, तर काय तोंडाने जाऊ त्याच्यापुढे? काय बोलू? इथे निदान फोन ठेवता येतो. तिथे महिनाभर एका घरात. मला भीती वाटते, विठा. आता झालं समाधान? गाडी नाही, कबुतरं नाही. भीती वाटते.

विठा: वाटू दे. मला विमानाची वाटते. दोघं मिळून भिऊ.

शंकर: तुझं सोपं आहे.

विठा: काय सोपं? सगळ्या बाया म्हनतात, विठाबाईची मज्जा हाय, घरची गाडी हाय. काय मज्जा? तुमी मला कदी पुडं बसवली? ‘मागं बस, मागं ऐसपैस जागा हाय.’ मेमसाब बसायच्या तितं मी बसायची आन वाटभर तुमच्या टकलाकडं बगायची. बोलावं तर तुमी म्हननार, चालवताना बोलू नको. पोराचंच न्हाय काय ते. माजं बी तेच हाय.

शंकर: हे कधी बोलली नाहीस.

विठा: टकलाशी काय बोलायचं?

यशोधरा: बाबा, आता माझं ऐका. भाड्याची गाडी नको ना? ठीक. अ‍ॅम्बेसेडरच न्यायची. पण चालवणार मी.

शंकर: तू?

यशोधरा: माझ्याकडे लायसन्स आहे. अंबरनाथच्या क्लासमध्ये शिकले. तुम्हाला म्हटलं होतं शिकवा, तर म्हणालात, पोरींनी मागे बसावं.

शंकर: तू शिकलीस ती मारुती. हिचा गिअर स्टिअरिंगला आहे. तिसरा टाकताना अडकतो.

यशोधरा: अडकतो, मग जरा आपल्याकडे ओढून घ्यायचा. माहितेय मला. मी... तुम्ही विहारात वंदनेला गेलात ना, मागच्या दोन रविवारी, तेव्हा मी गाडी काढली होती. समोरच्या घरातल्या राजेंद्रदादाला शेजारी बसवून सोनिवलीपर्यंत गेले आणि आले. सॉरी. चावी खिळ्यावरून न विचारता घेतली.

शंकर: ठाऊक आहे.

यशोधरा: काय ठाऊक आहे?

शंकर: सीट पुढे होती. माझे गुडघे आपटले.

यशोधरा: मग बोलला का नाहीत?

शंकर: क्लच जळलाय का ते बघितलं आधी. नव्हता जळला. मग म्हटलं, बघू ही कधी बोलते ते.

विठा: घ्या. सगळी या घरात एकमेकाची वाट बगतायत.

यशोधरा: तर उद्या असं. मी चालवणार. राजेंद्रदादा पुढे बसेल, म्हणजे परत येताना मला सोबत. तुम्ही दोघं मागे. गेटवर तुम्हाला उतरवते, मग मी गाडी लावायला जाते. महिनाभर गाडी माझ्याकडे.

शंकर: रोज सकाळी सुरू करायची. जरा वेळ तशीच चालू ठेवायची. आणि पहिल्यांदा चोक...

यशोधरा: ओढायचा. मग हळू सोडायचा. बाबा, येणार ना तुम्ही?

शंकर: ऐरोलीच्या पुलावर ट्रक डावीकडून घुसतात.

विठा: पोरीनं काय इचारलं?

शंकर: अंधार पडायच्या आत घरी पोचायचं. कुठे थांबायचं नाही. वडापाव खायला पण नाही.

यशोधरा: बाबा.

शंकर: ...विठा, माझा तो पांढरा शर्ट कुठे आहे? विहारातला नको. इस्त्रीचा, दुसरा.

विठा: बॅगेत हाय. परवाच टाकलाय मी.

शंकर: परवा? मी नाही म्हणत होतो तरी?

विठा: तुमचं नाही म्हननं मला नवीन हाय व्हय? आन मागं बसायचंय माज्या शेजारी, आठवन असू द्या. सारखं मान पुडं काढून तिला ‘ब्रेक, ब्रेक’ करायचं न्हाय.

शंकर: मला मागे बसायची सवय नाही. पाय कुठे ठेवायचे तेसुद्धा कळणार नाही.

विठा: मी सांगंन.

यशोधरा: आणि एक. मी गाडी लावून येईपर्यंत आत जायचं नाही. मला दोघांच्या पाया पडायचंय. गर्दी असली, उशीर झाला, तरी गेटवर थांबायचं.

शंकर: थांबतो.

यशोधरा: पोलीस ओरडेल. ट्रॉली हटवा म्हणेल.

शंकर: ओरडू दे. विक्रांत उभा राहिला होता ना तासभर? मी पण राहीन. तू येईपर्यंत नाही हलणार.

यशोधरा: नक्की?

शंकर: नक्की. पण यशू, गाडी लावलीस की काच पुसत बसू नकोस. धूळ असली तरी असू दे. सरळ निघून ये.