कचरूची शेवटची ओळ

दोरोतानं माझ्या बापाला फसवलं. मला नाही, बापाला, आणि तेही तो जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर. असंच लिहा, मऊ करू नका.

मी मनमाडचा. बाप रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे हेल्पर, आणि जयंती जवळ आली की जलशातला शाहीर. नाव कचरू. पोरगं जगावं म्हणून असली नावं ठेवायचे तेव्हा, आणि लोक हाक मारतानाही नाक मुरडायचे. बाप काय करायचा, प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या ओळीत ते नाव घालायचा. सगळेच शाहीर घालतात, पण हा आधी ढोलकी थांबवायचा, एकदम सगळं गप्प, आणि मग मोकळ्या गळ्यानं, म्हणे कचरू ऐका लोकहो, मान आता वाकणार नाही. मंडप उठायचा हो! ज्या नावाला नाक मुरडायचे त्याचीच लोक वाट बघायचे.

मी इकडे विलायतेत, कॉव्हेंट्रीला आलो, गोदामात खोकी उचलली, मग एक जुनी व्हॅन घेतली. म्हातारं माणूस गेलं की पोरांना घर रिकामं करून हवं असतं, आणि त्यातला पियानो कुणालाच नको असतो. तो मी न्यायचो, नेण्याचेही पैसे घ्यायचो, दुरुस्त करून विकायचो. असं दुकान उभं केलं. घासाघीस करताना मी सख्ख्या भावाला सोडत नाही, पण एकदा हातात हात दिला की संपलं, मग मी फिरत नाही.

ही दोरोता आली ती सँडविचच्या फॅक्टरीतून सुटून, केसांवर जाळी तशीच. म्हणाली, ह्या पियानोची एक पट्टी मुकी आहे. मी म्हटलं, मग ती वाजवू नकोस. ती म्हणाली, मग तिचे पैसेही देणार नाही. काय सांगू तुम्हाला, मला बाई तिथंच आवडली. भाव पाडूनच घेतला तिनं.

पोलंडमधल्या कोळशाच्या खाणीच्या गावची. बाप खाणीत, आणि खाणीच्या बँडमध्ये मोठा पितळी बाजा वाजवायचा. त्या बँडच्या खोलीतल्या पियानोवर ही शिकली, मग मोठ्या शहरात जाऊन संगीत लिहायचं शिक्षण घेतलं, आणि इथं येऊन काय, तर दिवसभर पावाला लोणी. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन. बाकी वेळ लिहायची. घरमालक आवाज करू देत नव्हता म्हणून पियानो माझ्याच दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवला, तिथंच बसायची. एका सिनेमाला हिनं सगळं संगीत दिलं, आणि पडद्यावर नाव दुसऱ्याचं. दुकानात येऊन पियानोचं झाकण असं आपटलं की बिजागरी निखळली. रडली, शिव्या दिल्या, पोलिशमध्ये दिल्या पण मला कळल्या. मी म्हटलं, रडतेस काय, भांड. कसं भांडायचं तेही मीच शिकवलं. भांडली, नाव लागलं, आणि तिथून गाडी सुटली, समूहानं गाणारे कॉयर, रेडिओ, बक्षिसं, लंडनहून माणसं फोन करायला लागली.

काम करताना मी बापाचं गाणं गुणगुणतो. ते तिनं उचललं. म्हणाली, मिस्टर सिड, हे मला कॉयरसाठी द्या. माझं नाव सिद्धार्थ, पण तिच्या तोंडी सिडच. मी म्हटलं, घे, फुकट घे, उलटं कर, मोडतोड कर, पण शेवटची ओळ नावासकट पूर्ण गायची. का, तेही सांगितलं, जे तुम्हाला आत्ता सांगितलं ते सगळं. तिनं हात पुढं केला. मी हातात हात दिला.

मँचेस्टरचा हॉल भरलेला. लंडनच्या एजवेअरहून माझी अक्का आली होती, पांढरी साडी नेसून. दोरोतानं स्टेजवरून माझे आभारही मानले, कॉव्हेंट्रीचे मिस्टर सिड म्हणून. गोरी माणसं मराठी गात होती, आणि खोटं का बोलू, अंगावर काटा आला. शेवटचं कडवं आलं. अक्कानं माझं मनगट पकडलं. आवाज खाली खाली गेला आणि थांबला. एकदम गप्प, बाप थांबायचा तस्साच. मी श्वास धरला. आता येईल, आता येईल. आणि टाळ्या पडल्या.

अक्का म्हणाली, सिद्धार्था, संपलं का रे? बाबा कुठंय?

बाहेर सगळे ग्लास घेऊन उभे. दोरोता मिठी मारायला आली, मी हात आडवा केला. शेवटची ओळ? ती म्हणाली, त्या शांततेनंतर काहीही आलं तरी गाणं लहान होतं, नाव नसलं की ते सगळ्यांचं होतं, आमच्या गावच्या चर्चमधली गाणी कुणी रचली कुणाला ठाऊक आहे? मी म्हटलं, मग दारावरच्या पोस्टरवरून तुझं नाव उतरव, चल, शिडी मी धरतो. लालबुंद झाली. म्हणाली, तुमचे आभार मानले ना? मी म्हटलं, माझं नाव मागितलं कुणी? मग म्हणे पुढच्या वेळी माहितीपत्रकात छापते. हात दिल्यावर भाव पाडतेस, दोरोता? कागदावरचं नाव लोक खिशात घालून विसरतात, माझा बाप गळ्यातून नाव काढायचा. लोक बघायला लागले. अक्का मला ओढत रस्त्यावर घेऊन गेली.

ती शांतता तिनं केलेलीच नाही हो. ती बापाची, नावासाठी राखलेली. हिनं शांतता घेतली आणि नाव टाकलं.

आता तेच गाणं वॉर्साला होणार आहे, तिच्या स्वतःच्या लोकांपुढं. निरोप पाठवला, तर उत्तर येतं, कॉयरचं पाठ झालंय, विचार करते. कर. मी तिकीट काढलंय, पुढच्या रांगेतलं. ती जागा आली की कचरूचा पोरगा गप्प बसणार नाही, आणि माझा आवाज किती वाईट आहे ते तिला माहीत आहे. पण ते काम माझं नाही, हात तिनं दिला होता. दोरोता, हे कुणीतरी तुला वाचून दाखवेलच. माझं सोड. माझ्या अक्काला उत्तर दे. बाबा कुठंय?