एका लायनीवर दोन गाड्या

आमच्या नामदेव वायरमनच्या बापाचं सांगतो, पन्नासेक वर्षं झाली असतील त्याला. म्हातारा जऊळका स्टेशनावर सांधेवाला होता, येणाऱ्या गाडीला रूळ जोडून द्यायचा. रिटायर झाला अन् त्यानं बोलणंच सोडलं. दिवसभर बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. नामदेवला ते पाहवेना. त्यानं अकोल्याहून खेळण्यातली विजेची दोन इंजिनं आणली, जुनं दार जमिनीवर आडवं टाकून त्यावर गोल रूळ बसवला, तारा जोडल्या आणि मला बोलावलं.

बटण दाबलं, तर दोन्ही इंजिनं एकदम सुटली. मागचं पुढच्यावर आदळलं आणि दोन्ही उलटली.

बाजेवरून आवाज आला, "एका लायनीवर दोन गाड्या काहून सोडल्या बे?"

महिन्याभरातलं पहिलं वाक्य! नामदेवनं लगेच रूळ दोन जागी कापला, वीज पलीकडे जाऊ नये म्हणून फटींत सायकलच्या ट्यूबचे तुकडे बसवले आणि दोन फटींमधल्या रुळाला वेगळं बटण दिलं. आता एक गाडी थांबवून दुसरी सोडता येत होती.

"बाबा, आता पाहा. कोणती सोडू?"

म्हातारा उठला, काठी टेकत आला आणि त्यानं नामदेवचा हात बटणावरून बाजूला सारला.

"सरक तिकडे. तू वायरमन हायेस. गाड्या सोडनं माह्यं काम हाये."